अपेक्षित उत्तर कोणी लिहायचे?

नोकरीच्या अगदी सुरुवातीला, महाराष्ट्राबाहेरच्या एका हिंदीभाषक जिल्ह्यात मी प्रशिक्षणार्थी अधिकारी होते, तेव्हा कलेक्टर कचेरीच्या टेलिफोन एक्स्चेंजवर एक वयस्क ऑपरेटर होते. सकाळी आल्याबरोबर ते एक लांबट वही उघडत आणि एकेक लाइन उचलून ठरावीक क्रमांक लावत. पोलीस नियंत्रण कक्ष, अग्निशमन, जिल्हा रुग्णालय, सचिवालय, धरणावरचे पाटबंधारे खात्याचे कार्यालय. वहीत तीन रकाने होते : क्रमांक कोणता लावला, तो कोणी उचलायला हवा आणि प्रत्यक्षात कोणी उचलला. मधला रकाना रोज तोच असताना तो पुन्हा पुन्हा कशासाठी लिहायचा, असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, "मॅडम, वह खाना न हो तो जो उठाए वही सही."

त्या वेळी मी हसले होते. त्या वाक्याचा अर्थ कळायला मला पुढे बरीच वर्षे आणि एक फुकट गेलेली रंगीत तालीम लागली.

२०१० नंतर अनेक सरकारी उपक्रमांनी आणि महामंडळांनी जुनी ईपीएबीएक्स यंत्रे काढून त्यांच्या जागी संगणकावर चालणारे संवाद-सर्व्हर बसवले. मायक्रोसॉफ्टचे लिंक सर्व्हर आणि २०१५ पासून त्याचेच नवे रूप असलेले स्काईप फॉर बिझनेस सर्व्हर ही त्यातली परिचित नावे. फोन, संदेश, बैठका सारे एका ठिकाणी, असे त्यांचे आकर्षण होते. प्रशासकीय अधिकाऱ्याच्या वाट्याला त्यातले येते ते निविदेची फाइल, सादरीकरण आणि उद्घाटन. आतल्या एका पडद्याकडे, ज्याचे नाव "टेस्ट व्हॉइस राउटिंग" असे आहे, तो क्वचितच पाहतो. माझ्या मते त्याने सर्वांत आधी पाहावा असा तोच पडदा आहे.

तांत्रिक गोष्ट थोडक्यात सांगते. टेबलावरच्या फोनवरून आपण क्रमांक दाबतो तेव्हा सर्व्हर तो जसाच्या तसा पुढे पाठवत नाही. आधी डायल प्लॅनमधले नियम त्या क्रमांकाला आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या पूर्ण क्रमांकाचे रूप देतात, म्हणजे अधिकचे चिन्ह, मग भारतासाठी ९१ आणि त्यापुढे बाकीचे अंक. हे नियम वरून खाली क्रमाने वाचले जातात आणि जो पहिला लागू पडेल तोच वापरला जातो. त्यानंतर, फोन करणाऱ्याला कोठवर बोलण्याची मुभा आहे हे व्हॉइस पॉलिसी ठरवते : स्थानिक, एसटीडी की आयएसडी. शेवटी कोणत्या मार्गाने, कोणत्या गेटवेतून कॉल बाहेर पडावा हे रूट ठरवतो. टेस्ट केस म्हणजे या साखळीला विचारलेला एक जतन केलेला प्रश्न. अमुक डायल प्लॅन आणि अमुक पॉलिसी असलेल्या माणसाने अमुक क्रमांक दाबला तर तो कोणत्या रूपात बदलावा, कोणत्या मुभेखाली जावा आणि कोणत्या मार्गाने जावा, हे सारे त्यात लिहून ठेवता येते. सर्व्हर स्वतः नियम लावून पाहतो आणि आपण लिहिलेल्या अपेक्षेशी निकाल जुळतो की नाही ते सांगतो. हवे तेव्हा एकेक टेस्ट चालवा, नाहीतर सगळ्या एकदम. पडद्यावरून चालवा की पॉवरशेलच्या आज्ञेने, निकाल तोच.

ऑपरेटरच्या वहीतला मधला रकाना तो हाच.

आता रंगीत तालमीची हकीकत. पूर्व किनाऱ्यावरच्या एका राज्यात मी एका सार्वजनिक उपक्रमात काम करत असताना आमच्या मुख्यालयात असा सर्व्हर बसला होता. किनाऱ्यावर मे महिन्यात आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चक्रीवादळांचा हंगाम असतो. मे लागण्यापूर्वी रात्रीच्या पाळीची एक तालीम आम्ही ठेवली. पाळीवरच्या अधिकाऱ्याने जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला, म्हणजे १०७७ ला फोन लावून ठरलेला निरोप द्यायचा, एवढेच त्यात होते. त्याने फोन लावला, घंटा वाजत राहिली आणि कोणी उचलले नाही. त्याने तीनदा प्रयत्न केला. सकाळी अहवालात वाक्य आले, "जिल्हा नियंत्रण कक्ष रात्री प्रतिसाद देत नाही." मी तो अहवाल वाचला, संतापले आणि जिल्हाधिकाऱ्यांना एक पत्र पाठवले. पत्राची भाषा सभ्य होती, पण सूर सभ्य नव्हता, हे आज कबूल करते.

चार दिवसांनी उत्तर आले. त्या रात्री कक्षात तीन माणसे हजर होती, इतर कॉल आले आणि नोंदवलेही गेले. आमच्या कार्यालयाकडून एकही कॉल आलेला नाही. सोबत नोंदवहीच्या पानाची प्रत होती.

मग शोध सुरू झाला. आमचे अंतर्गत विस्तार क्रमांक चार अंकी होते आणि त्यांतले बरेचसे १ ने सुरू होत. डायल प्लॅनमधला अगदी वरचा नियम होता : १ ने सुरू होणारा कोणताही चार अंकी क्रमांक हा आपल्याच इमारतीतला समजावा. १०७७ हा भांडार शाखेचा क्रमांक होता. तालमीच्या रात्री कुलूपबंद भांडारात, गाद्या आणि ताडपत्र्यांच्या ढिगाशेजारी, फोन तीनदा वाजून थांबला होता.

यातले आश्चर्य पुढेच आहे. आमच्याकडे टेस्ट केसेस होत्या! एकूण चौदा. कंत्राटदाराचा अभियंता लातूरकडचा होता आणि इतक्या दूर मराठी बोलणारे कोणी भेटले याचा आम्हा दोघांनाही आनंद होता, त्यामुळे तो अगदी मोकळेपणाने म्हणाला, "मॅडम, चौदाच्या चौदा पास आहेत. स्वीकृतीच्या दिवशीही पास होत्या." मी यादी मागवली. चौदाही क्रमांक मोबाइलचे किंवा आमच्याच विभागीय कार्यालयांचे होते. एकही तीन किंवा चार अंकी सेवा-क्रमांक त्यात नव्हता. रूट आणि मुभेच्या जागा रिकाम्या होत्या, कारण त्या भरल्या नाहीत तरी टेस्ट केस जतन होते. अपेक्षित क्रमांक कसा ठरवला, असे विचारल्यावर त्याने प्रामाणिकपणे सांगितले : आधी क्रमांक चालवून पाहिला, सर्व्हरने जे उत्तर दिले ते अपेक्षेच्या जागी उतरवले आणि जतन केले.

म्हणजे विद्यार्थ्याने आधी पेपर लिहायचा आणि मग त्यावरून उत्तरसूची तयार करायची. अशा परीक्षेत सगळे पहिले येतात.

दोष त्या मुलाचा नव्हता. त्याच्या कंत्राटात "चाचणी अहवाल सादर करणे" असे एक कलम होते आणि देयकाचा एक हप्ता त्याला जोडलेला होता. कोणत्या क्रमांकांची चाचणी, हे निविदेत आम्ही लिहिलेच नव्हते. १०७७ म्हणजे काय, तो आमच्या कामाला कधी लागतो, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ते मला ठाऊक होते आणि तो पडदा मी कधी पाहिला नव्हता.

भारतात हा धोका नेमका कोठे आहे ते सांगायला हवे. आपल्या राष्ट्रीय क्रमांक योजनेत १ ने सुरू होणारे लघु क्रमांक विशेष सेवांसाठी राखलेले आहेत. १०० पोलीस, १०१ अग्निशमन, १०८ रुग्णवाहिका, १८१ महिलांसाठी, १०९८ मुलांसाठी, १०७० राज्याचा आपत्ती कक्ष, १०७७ जिल्ह्याचा, १९१२ वीज. सायबर फसवणुकीची तक्रार आधी १५५२६० वर होती, नंतर १९३० वर आली. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये हिमाचल प्रदेशापासून ११२ हा एकच आणीबाणीचा क्रमांक राज्याराज्यांत सुरू होऊ लागला. म्हणजे तीन, चार आणि सहा अंकी क्रमांकांची ही मिश्र फौज आहे आणि ती अधूनमधून बदलते. परदेशी पुस्तकात पाहून विस्तार क्रमांक १००० पासून देणारा अभियंता या फौजेच्या मधोमध कुंपण घालतो. कुंपण कोणाला दिसत नाही, कारण दिवसभराचे फोन सुरळीत चालू असतात.

अमेरिकेने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. डिसेंबर २०१३ मध्ये टेक्सासमधील मार्शल या गावी एका मोटेलच्या खोलीत कारी हंट या तरुणीची हत्या झाली. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने खोलीतल्या फोनवरून चार वेळा ९११ दाबले. शाळेत शिकवले होते तसेच. पण त्या फोनयंत्रणेत बाहेरची लाइन मिळवण्यासाठी आधी ९ दाबावा लागत असे आणि कॉल लागलाच नाही. पुढे २०१८ मध्ये तिच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. १६ फेब्रुवारी २०२० नंतर बसवल्या जाणाऱ्या बहुलाइन यंत्रणांवरून कोणताही अंक आधी न लावता ९११ लागला पाहिजे, असे बंधन त्याने घातले. ती यंत्रणा बिघडलेली नव्हती. तिला जसे सांगितले होते तसेच ती वागत होती. आमचा सर्व्हरही तसाच वागला होता.

म्हणून माझे मत असे झाले आहे की टेस्ट केसेसची यादी हा तांत्रिक दस्तऐवज नाही. ती कार्यालयाने स्वतःविषयी लिहून दिलेली अपेक्षा आहे आणि ती लिहिण्याचे काम पुरवठादाराकडे देणे म्हणजे लेखापरीक्षणाचे आक्षेप लेखा शाखेकडूनच लिहून घेणे. अभियंत्याने ती सर्व्हरमध्ये भरावी, पण यादी प्रशासन शाखेने, सुरक्षा अधिकाऱ्याने आणि नियंत्रण कक्ष चालवणाऱ्याने बसून कागदावर करावी. प्रत्येक ओळीपुढे कारण लिहावे आणि त्या कारणाचा आधार, म्हणजे परिपत्रक, कायदा किंवा कार्यालयीन आदेश, तारखेसह. सर्व्हर चालू करण्यापूर्वी हे झाले पाहिजे. ज्यांनी निवडणुकीचे काम केले आहे त्यांना हे पटवावे लागणार नाही. मतदान सुरू होण्यापूर्वी मतदान प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचे अभिरूप मतदान घेतो, तेव्हा कोणाला किती मते दिली हे आधी मोजून ठेवतो आणि मग यंत्राचा निकाल पाहतो. यंत्राने दाखवलेला आकडा आधी पाहून मोजणी जुळवत नाही.

आणखी एका प्रकारच्या ओळी यादीत हव्यात, ज्या सहसा कोणी लिहीत नाही : ज्या कॉलने लागू नये असे कॉल. स्वागतकक्षातल्या फोनवरून आयएसडी लागता कामा नये, बैठकीच्या खोलीतून तर नाहीच. रात्री रिकाम्या कार्यालयाच्या यंत्रणेत शिरून परदेशी महागडे कॉल करणाऱ्या टोळ्या जगभर आहेत आणि देयक महिन्याने येते. येथे एक गंमत आहे. मार्ग न सापडल्याने सर्व्हर अशा चाचणीला नापास म्हणतो आणि ते नापास होणे हेच बरोबर उत्तर असते. नवा माणूस आला की त्याला लाल खूण खटकते आणि तो पॉलिसी "दुरुस्त" करून ती हिरवी करतो. ओळीपुढे कारण लिहिलेले असले तर तो थांबेल.

रिकाम्या सोडलेल्या रूटच्या जागेविषयी थोडे. दोन शहरांत कार्यालये असलेल्या संस्थेला वाटते की आपल्याच खाजगी जाळ्यावरून कॉल दुसऱ्या शहरात नेऊन तेथे स्थानिक म्हणून उतरवावा, एसटीडीचा खर्च वाचेल. यालाच टोल बायपास म्हणतात आणि आपल्या दूरसंचार परवान्यांच्या अटींनी त्याला अनेक वर्षे मज्जाव केलेला होता. भारतासारख्या देशांचे हे नियम पाळता यावेत म्हणून लिंक सर्व्हर २०१३ मध्ये फोन करणारा कोठे बसला आहे यावरून मार्ग ठरवण्याची सोय घालण्यात आली. म्हणजे कॉल लागला एवढे पुरत नाही, तो कोणत्या गेटवेतून बाहेर पडला हाही कायद्याचा प्रश्न असू शकतो. टेस्ट केस मात्र डायल प्लॅन आणि पॉलिसी विचारते. माणूस कोणत्या शहरात बसला आहे हे ती विचारत नाही. ती मर्यादा यादीच्या माथ्यावर लिहून ठेवलेली बरी.

मर्यादांची गोष्ट निघालीच आहे तर सर्वांत मोठी सांगते, कारण तिने मला पुढच्या नेमणुकीत पुन्हा एकदा तोंडघशी पाडले. या चाचणीत प्रत्यक्ष कॉल होत नाही. घंटा वाजत नाही, तार तुटलेली असली तरी कळत नाही. सर्व्हर आपलेच नियम आपल्याशी पडताळून पाहतो, इतकेच. १५ जानेवारी २०२१ पासून दूरसंचार विभागाच्या आदेशानुसार देशभर स्थिर फोनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावणे सक्तीचे झाले. मी त्या वेळी दुसऱ्या कार्यालयात होते आणि आधीच्या अनुभवाने शहाणी झालेली असल्यामुळे यादी व्यवस्थित केली होती. पंधरा तारखेला सकाळी सगळ्या टेस्ट चालवल्या. सगळ्या पास. अर्ध्या तासात मजल्यामजल्यावरून तक्रारी आल्या की मोबाइलला फोनच लागत नाही, ध्वनिमुद्रित सूचना ऐकू येते.

कारण साधे होते. डायल प्लॅन क्रमांकाला अधिक ९१ चे पूर्ण रूप देत होता आणि ते रूप पूर्वीही बरोबर होते, त्या दिवशीही बरोबरच होते. चूक त्याच्या पुढच्या टप्प्यावर होती. गेटवेतून बाहेर पडताना ९१ काढून दहा अंक पाठवले जात होते आणि तेथे आता शून्य जोडायला हवे होते. तो शेवटचा बदल ही चाचणी पाहतच नाही. जुन्या ऑपरेटरने पहिल्याच कॉलला हे पकडले असते, कारण ते फोन खरोखर लावत.

तेव्हा दोन्ही हवे. नियमांमध्ये काहीही बदल करण्यापूर्वी आणि केल्यानंतर टेस्ट केसेस चालवाव्यात, कारण एका शाखेसाठी वर सरकवलेला नियम दुसऱ्या शाखेचे फोन गिळतो आणि ते त्याच क्षणी कळते. पण आठवड्यातून एकदा कोणीतरी टेबलावरचा फोन उचलून यादीतले क्रमांक प्रत्यक्ष लावले पाहिजेत. ११२ किंवा १०७७ लावायचा असेल तर त्या कक्षाला आधी कळवून, गर्दीची वेळ टाळून, आणि उचलल्याबरोबर "ही चाचणी आहे" असे सांगून. याला वेळ लागतो आणि हे कंटाळवाणे काम आहे. "सॉफ्टवेअर करतेच आहे की" असे म्हणून ते टाळणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी १५ जानेवारीची गोष्ट सांगते.

काही मित्र म्हणतील, आता या साऱ्याचा काय उपयोग? स्काईप फॉर बिझनेस सर्व्हरच्या २०१५ आणि २०१९ या दोन्ही आवृत्त्यांचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. काही कार्यालये सबस्क्रिप्शन आवृत्तीवर गेली, काही टीम्सकडे वळली, काही आणखी कोठे. हेच तर मला सांगायचे आहे. स्थलांतराच्या वेळी पुरवठादार डायल प्लॅन आणि रूट हलवतो, कारण त्यांच्याविना फोन चालणार नाहीत. टेस्ट केसेसविना फोन चालतात, म्हणून त्या मागे राहतात. मग नव्या यंत्रणेवर पुन्हा कोणीतरी सर्व्हरलाच उत्तर विचारून अपेक्षा भरतो. यादी कार्यालयाच्या फाइलमध्ये, कारणांसह असेल तर ती कोणत्याही यंत्रणेला लावता येते. उद्या आणखी एखादा सेवा-क्रमांक बदलला तर यंत्रणेत कोणी हात न लावताही यादीतली एक ओळ चुकीची ठरणार आहे आणि ते यंत्रणेला समजणार नाही.

हल्ली महाराष्ट्राबाहेर काम करणारे अनेक तरुण मराठी अधिकारी आणि अभियंते मला लिहितात. त्यांच्यातील एकाने विचारले, यादीत किती ओळी असाव्यात? याला नियम नाही. पूर्व किनाऱ्यावरच्या त्या उपक्रमात आम्ही शेवटी एकतीस लिहिल्या. त्यातल्या अकरा सेवा-क्रमांकांच्या होत्या, सहा न लागणाऱ्या कॉलच्या, आणि एक ओळ मी हट्टाने घालून घेतली होती : रात्रपाळीच्या टेबलावरून १०७७, अपेक्षित १०७७, मार्ग स्थानिक, कारण "तालमीचा अहवाल पाहावा". जिल्हाधिकाऱ्यांना दिलगिरीचे पत्रही मीच लिहिले. ते त्यांनी फाइलला लावले की नाही ते मला माहीत नाही.

सगळे विस्तार क्रमांक मात्र बदलावे लागले. त्यात दोन महिने गेले आणि लोकांनी पुष्कळ कुरकुर केली, कारण व्हिजिटिंग कार्डे नव्याने छापावी लागली. भांडार शाखेचा क्रमांक आता ४०७७ आहे.